दोन मिनिटांची तळणी

मुलांनो, मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी खिडकीपाशी बसला आहात का? बसला असाल, तर शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही नावं तुम्हांला पाठच असतील. अमरावतीला जाणारी मंडळी बडनेऱ्याला उतरतात. गाडी पुढं निघते. चांदूर जातं, धामणगाव जातं आणि मग एक लहानसं स्टेशन येतं. मोठ्या गाड्या तिथं थांबत नाहीत. पाटीवरचं नाव वाचेपर्यंत ते मागं पडतं. थोड्याच वेळात वर्धा नदीच्या पुलावर गाडी खडखडते, अमरावती जिल्हा संपतो आणि पुलगाव येतं.

त्या लहानशा स्टेशनाचं नाव आहे तळणी. पुढच्या वेळी तिथून जाताना डुलकी घेऊ नका बरं का! कारण सव्वाशे वर्षांपूर्वी याच तळणीत सूर्याचं एक गुपित टिपलं गेलं होतं.

'आपल्या वऱ्हाडात? काऊन बाप्पा?' असं तुम्ही विचाराल. सांगतो.

२२ जानेवारी १८९८, शनिवार. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं. चंद्राची गडद सावली कोकणात विजयदुर्गापाशी किनाऱ्यावर चढली, सोलापूरकडच्या जेऊरवरून वऱ्हाडात आली आणि पुढं बिहारात बक्सरकडे निघून गेली. सावलीचा हा पट्टा अरुंद असतो. पट्ट्याच्या आत असाल तर सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो, बाहेर असाल तर नुसता कुरतडलेला! मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ सालीच नागपूरपर्यंत पोचली होती. तळणीला रूळही होते आणि वरून सावलीही जाणार होती. काचेच्या, पितळेच्या नाजूक यंत्रांच्या पेट्या घेऊन येणाऱ्यांना आणखी काय हवं? शिवाय जानेवारी महिना. पाऊस कधीच सरलेला आणि वऱ्हाडातलं आकाश धुतल्यासारखं स्वच्छ.

त्या दिवशी ठिकठिकाणी शास्त्रज्ञ तयारीत होते. विजयदुर्गाला नॉर्मन लॉकियर होते. ते जिथं थांबले ते 'साहेबाचे कट्टे' आजही किल्ल्यावर दाखवतात. जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला होते. आणि तळणीला होती ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी. तिचे प्रमुख होते वॉल्टर मॉन्डर. बरोबर त्यांच्या पत्नी अ‍ॅनी मॉन्डर आणि जॉन एव्हरशेड नावाचे एक हौशी संशोधक.

आता थोडं अ‍ॅनीबाईंविषयी. त्या आयर्लंडच्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या. १८९१ साली ग्रिनिचच्या वेधशाळेत आकडेमोडीच्या नोकरीला लागल्या. पगार अगदी तुटपुंजा. पण तिथं सूर्याची रोज छायाचित्रं घेतली जात, त्यावरचे डाग मोजले जात आणि हे काम त्यांना मनापासून आवडे. १८९५ साली त्यांनी मॉन्डर यांच्याशी लग्न केलं आणि नोकरी गेली! लग्न झालेल्या बाईनं सरकारी नोकरीत राहायचं नाही, असा तेव्हाचा नियम होता. त्याआधी १८९२ साली रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनंही त्यांना सभासद करून घेतलं नव्हतं. कारण एकच, त्या बाई होत्या.

तेव्हा तळणीला आल्या त्या वेळी अ‍ॅनीबाईंच्या हाताशी ना पद होतं, ना मोठी दुर्बीण. गर्टन कॉलेजकडून मिळालेल्या मदतीतून त्यांनी एक छोटा कॅमेरा तयार करून घेतला होता. त्याचं भिंग होतं फक्त दीड इंच व्यासाचं. कॅरमचा स्ट्रायकर आठवा, त्याच्यापेक्षाही किंचित लहान!

एवढ्याशा भिंगानं काय होणार? इथंच त्यांची हुशारी दिसते. खग्रास ग्रहणात काळ्या चंद्राभोवती मोतिया रंगाचं तेज पसरतं. त्याला सूर्याचा प्रभामंडल म्हणतात. सगळा प्रभामंडल मिळून जेमतेम पौर्णिमेच्या चंद्राइतका उजळ असतो. एरवी सूर्याच्या झगझगाटात तो दिसतच नाही. त्याची बाहेरची टोकं तर फारच पुसट. आता भाकरीचं उदाहरण घ्या. पिठाचा गोळा तेवढाच ठेवून भाकरी मोठी थापली, तर ती पातळ होते ना? प्रकाशाचंही तसंच आहे. लांब कॅमेऱ्यात चित्र मोठं होतं, पण प्रकाश पातळ पसरतो आणि पुसट गोष्टी हरवतात. अ‍ॅनीबाईंच्या भिंगापासून काच होती नऊ इंचांवर. चित्र लहान, पण ठसठशीत. शिवाय त्यात सूर्याच्या आजूबाजूचं पुष्कळ आकाश मावत होतं. पुसट आणि लांबलचक गोष्ट टिपायला असाच कॅमेरा हवा.

दुपार झाली. ऊन कोमट होत गेलं, सावल्या विचित्र दिसू लागल्या आणि दिवसाढवळ्या अंधारलं. हातात होती जेमतेम दोन मिनिटं. विचार करा, इतक्या दूरचा प्रवास, महिनोन्‌महिन्यांची तयारी आणि वेळ फक्त दोन मिनिटांचा! हात थरथरला, काच बदलताना चूक झाली की संपलं. पुन्हा संधी कधी आणि कुठल्या देशात येईल, कोण जाणे.

अ‍ॅनीबाईंचा हात थरथरला नाही. काचा धुतल्यावर एकीवर सूर्यापासून निघालेला एक लांबच लांब झोत उमटलेला दिसला. तो होता सुमारे ६० लाख मैलांचा, म्हणजे जवळजवळ १ कोटी किलोमीटर. सात सूर्य एकापुढे एक ठेवा, तेवढा! इतका लांब झोत तोपर्यंत कुणाच्याच छायाचित्रात आलेला नव्हता. सूर्य जिथं संपतो असं आपल्याला वाटतं, तिथं तो संपत नाही, हे तळणीच्या त्या काचेनं दाखवून दिलं.

एव्हरशेड यांनीही त्याच दोन मिनिटांत सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचा वर्णपट टिपला. पुढं १९०७ साली ते दक्षिणेत कोडाईकॅनालच्या वेधशाळेत आले. सूर्यावरच्या डागांमधून वायू बाहेरच्या बाजूला वाहतो, हे त्यांनी १९०९ साली तिथंच शोधून काढलं. ते तिथले संचालक असतानाच, १९१२ साली, पुण्याच्या नायगमवालांची वीस इंची दुर्बीणही कोडाईकॅनालला गेली. एकाच ग्रहणाच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या दोन माणसांचं काम असं एका जागी आलं. आणि अ‍ॅनीबाई? रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं अखेर १९१६ साली त्यांना सभासद करून घेतलं. तळणीनंतर अठरा वर्षांनी!

ही गोष्ट इथंच संपत नाही. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण साडेपाच हजार अंश सेल्सियस आहे, पण प्रभामंडलाचं दहा लाखांहून जास्त. चुलीपासून लांब जावं तसं गार वाटायला हवं, इथं उलटंच! असं का होतं, याचं पुरतं उत्तर अजूनही मिळालेलं नाही. ते शोधायला भारतानं २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ हे यान सोडलं. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर अंतरावरच्या आपल्या जागी पोचलं. त्यावरच्या एका दुर्बिणीत सूर्याची तबकडी झाकण्याची सोय आहे. म्हणजे हवं तेव्हा खग्रास ग्रहण! ही दुर्बीण बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेनं बनवली. कोडाईकॅनालची वेधशाळा याच संस्थेची आहे बरं का!

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर भारताच्या बऱ्याच भागातून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे. तेव्हा सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी मुळीच पाहू नका. एका पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि भोकातून येणारा कवडसा पांढऱ्या कागदावर घ्या. ढग नसतील तर कागदावर चिमुकला, कुरतडलेला सूर्य उतरेल. अंगणात कडुनिंब असेल, तर पुठ्ठाही नको. पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडतील. वेळ लिहून ठेवा, कोरीचं चित्र काढा.

यंत्र लहान आहे म्हणून बिचकू नका. अ‍ॅनीबाईंचं भिंग तरी कुठं मोठं होतं?