इसब, शेंगदाणे आणि डबा

थंडी पडली की प्राथमिक वर्गांत कोपरांच्या घडीत खाजवणारी मुले दिसू लागतात. आम्ही हिंदी माध्यमात शिकलेलो. आमच्या लेखी ही सगळी ‘खुजली’च! मराठीत याला इसब म्हणतात. तो संसर्गजन्य नाही, तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, अशा मुलाशेजारी अवश्य बसा.

घरी पहिला संशय खाण्यावर जातो. एका पालकांनी आमच्या हाती बंद पदार्थांची यादीच दिली: दूध, अंडे, पोह्यांतले शेंगदाणेसुद्धा. मूल वाळत चालले होते, खाज मात्र तशीच.

संशोधन पुष्कळदा उलटा क्रम दाखवते. इसबाने त्वचेचे कवच कमकुवत होते, त्यातून अन्नाचे सूक्ष्म कण शिरतात आणि शरीर त्यांना शत्रू समजू लागते. तोंडावाटे वेळीच गेलेले अन्न बहुधा मित्र ठरते. लंडनचे प्रा. गिडिअन लॅक यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. तपासणी करून पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केलेल्या बाळांत त्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली.

म्हणून पालकांना विनंती, इसबावर शेंगदाण्याचे तेल चोळू नका, त्वचा मऊ ठेवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाचे अन्न तोडू नका. तान्ह्या बाळाला अख्खा दाणा कधीही देऊ नका. खरी अ‍ॅलर्जी असल्यास शाळेला लेखी कळवा. आणि मुलांनो, अशा मित्राला आपल्या डब्यातला घास आग्रहाने भरवू नका. त्याचे ओठ सुजले, श्वास लागला, तर धावत येऊन बाईंना सांगा.