बाबा, वाघ आणि फेब्रुवारी

ताडोबाला जायचं म्हटल्यावर सगळ्यांचा एकच सल्ला.. "मे महिन्यात जा, पाणवठ्यावर वाघ हमखास!" खोटं नाही ते. पाणी आटतं, झाडोरा विरळ होतो, वाघ दिसायची शक्यता वाढते. पण चंद्रपूरचा मे म्हणजे ४५ अंश, वर उघडी जिप्सी, आणि सोबत ७८ वर्षांचे बाबा, त्यांचं बीपी!

मी हळूच म्हटलं, "बाबा, तुम्ही घरी थांबता का?" काही बोलले नाहीत. नुसता चष्मा पुसत बसले. रात्री आईने सांगितलं, त्यांची बॅग केव्हाच भरून तयार आहे. फार लाज वाटली स्वतःची.

मग ठरलं, फेब्रुवारी. मोहर्ली गेट, मंगळवार सोडून (त्या दिवशी बंद असतं), सकाळची एकच फेरी. दुपारी आराम.

"पण फेब्रुवारीत वाघ दिसेलच असं नाही हं, बाबा."

"नाही तर नाही. तुझ्याशेजारी चार तास बसायला तर मिळेल?"

यावर काय बोलणार? असो. बुकिंग झालंय. पहाटे तिकडे गारठा असतो, म्हणून त्यांची माकडटोपी शोधून ठेवलीये.