दूध तापलं का वं?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या घराघरात दिवसातून दोनदा हा प्रश्न कानी यायचाच. विचारणारी आजी असायची, सासू असायची, नाहीतर ओसरीवर बसलेले आजोबा. मेहकरात तोच, चिखलीत तोच, खाली मलकापूर-नांदुऱ्यातही तोच. घाटावर हवा थंड, तिथं निरसं दूध घटकाभर दम धरायचं. घाटाखालच्या वैशाखात मात्र गोठ्यातून चुलीपर्यंत यायला उशीर झाला की दूध नासलंच. मग त्यात साखर घालून आटवायचं आणि पोरांनी वाटीवरून भांडायचं.

पूर्णाकाठच्या गोठ्यात पूर्णाथडीची भुरी म्हैस, एखादी गावरान गाय. धार काढायचेही कायदे होते. कास कोमट पाण्यानं धुतल्याशिवाय कासंडीला हात लावायचा नाही. पहिली धार भुईवर. कास दगडासारखी झाली, दुधात गाठी दिसल्या, तर ते दूध घरात आणायचं नाही. कासंडी राखेनं घासायची, कढत पाण्यानं विसळायची, उन्हात पालथी घालायची. सडाच्या तोंडाशी साचलेले जंतू पहिल्या धारेत जास्त उतरतात, आणि कोमट दुधात ते वीसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकतात, हे आपल्याला पुढे पुस्तकात कळलं. आजीनं जंतू पाहिला नव्हता. नासलेलं दूध पाहिलं होतं, तेवढ्यावरून तिनं सगळं ओळखलं.

मग दुधाणी. आधी दूध चुलीवर चांगलं उकळायचं, उतू जाऊ नये म्हणून कुणीतरी राखणीला. नंतर ते मातीच्या दुधाणीत गवऱ्यांच्या आरावर दुपारभर ठेवायचं. रंग हळूहळू लालसर व्हायचा, वर भाकरीएवढी जाड साय धरायची, तळाला खरवड लागायची. ती खरवड शिंपल्यानं खरवडून कुणाच्या हातावर पडणार, यावरून भावंडांत पाळ्या ठरलेल्या. उरलेल्या दुधाला रात्री विरजण, सकाळी रवी, ताक, लोणी.

एकच खोट होती या साऱ्यात. धारोष्ण दूध अंगी लागतं म्हणायचे. तालमीतली पोरं गोठ्यातच पितळी पेला तोंडाला लावायची आणि फेसाच्या मिशा मिरवायची. त्याच गावांत कुणाला महिनोन्‌महिने ताप यायचा, संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, कंबर धरायची. हिवताप म्हणून औषध व्हायचं. कुणाच्या गोठ्यात गाय सातव्या महिन्यात गाभडली होती, ते या तापाशी कुणी जोडत नसे. ब्रुसेलोसिस तो हाच. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर त्याचा जंतू शोधला. धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून तो पसरतो, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामित यांना सापडलं. तिथल्या सैनिकांचं ते दूध बंद झालं आणि छावणीतला ताप ओसरला. लेकरांच्या मानेवर उठणाऱ्या गंडमाळांतही काही वेळा क्षयाचा जंतू गाईच्या कच्च्या दुधातूनच आलेला असे.

म्हणून त्या दिवसांचं सगळं हवं, तो फेसाळ पेला तेवढा नको. आता शहरात काचेच्या बाटलीत कच्चं दूध विकतात, उकळल्यानं सत्त्व जातं म्हणतात. थोडी जीवनसत्त्वं कमी होतात, खरं आहे. पण प्रथिनं राहतात, कॅल्शियम राहतं, आणि ब्रुसेला व क्षयाचे जंतू मरतात. डेअरीतही दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवूनच पिशवीत भरतात.

गोठ्यात मात्र दोन नवे कायदे आले आहेत. सप्टेंबर २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आणि वगारीला ब्रुसेलाची लस एकदाच टोचतात. वय उलटलं की ती संधी गेली. आणि तोच जंतू अंगात शिरू नये म्हणून गाभडलेल्या जनावराचा वार उघड्या हातानं उचलायचा नाही, चुना टाकून खोल पुरायचा. गोठा झाडणाऱ्या लेकीसुनांना हे दूध तापवण्याइतकंच पाठ असायला हवं, कारण तो वार आजवर त्यांनीच उचलला आहे.