काळ्या रंगाविना म्हैस

कोल्हापुरात म्हैस शोधत हिंडावं लागत नाही. पेठेतल्या गल्लीत ती मोटारीशेजारी बांधलेली असते. संध्याकाळी कट्ट्यावर येते आणि लोक तिच्या धारेचं फेसाळ दूध जागेवरच पितात. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी मी घडे काढले, फुलं काढली, पडद्यांच्या चुण्या काढल्या. जीव मात्र म्हशींत अडकलेला.

कलाविद्यालयात गेल्यावर सरांनी आधी रंगपेटीतली काळ्याची ट्यूब बाजूला काढायला लावली. “काळा लावलास की कागद मेला,” म्हणायचे. गडद हवं तर अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळायचे. निळा वरचढ झाला की थंड करडा, सिएना वाढवला की उबदार तपकिरी. या दोन रंगांत म्हशीचं अख्खं अंग मावतं.

पंचगंगेच्या पाण्यातून नुकती वर आलेली म्हैस नीट बघा. पाठीवर आभाळ उतरलेलं असतं. पोटाखाली जमिनीवरून उलटलेला तांबूस उजेड. बरगड्यांवरून पाणी ओघळतं तिथं प्रत्येक ओघळाला वेगळी कड. काळं असं काही नसतंच! आणि जलरंगात पांढरा हा कागदाचा, तो आधीच राखून ठेवायचा असतो. त्यामुळं पाठीची चकाकी मी रंगवत नाही, तिच्याभोवतीचं सगळं रंगवतो. खांद्याचा रंग ओला असतानाच मानेचा सोडायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांत उतरतात. शिंगाला मात्र कागद पूर्ण वाळू द्यायचा. तिथली कड धारदारच हवी.

हे बघणं मला चित्रकार आबालाल रहिमानांच्या चित्रांनी शिकवलं. जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा यांचं पाणी वेगवेगळ्या वेळी रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांच्या चित्रांसमोर मी तासन् तास उभा राहिलो आहे. पाणी कसं बघायचं ते तिथं कळलं, मग ओली पाठ दिसू लागली.

जनावर स्थिर बसत नाही, अशी तक्रार माझे विद्यार्थी करतात आणि मोबाइलवरचा फोटो घेऊन बसतात. फोटोत म्हैस म्हणजे एक काळा डाग होतो, सावलीतले रंग त्यात बुडून जातात. मी त्यांना दुपारी गोठ्यात धाडतो. रवंथ करत बसलेली म्हैस पुष्कळ वेळ देते. कान आणि शेपूट तेवढे हलतात, ते शेवटी काढावेत. दिवाळी पाडव्याला, सगर या म्हशींच्या सणात शिंगं रंगवून, मोरपिसं लावून त्याच म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागं धावतात, तेव्हा मीही रंगाच्या नादी लागत नाही. वहीत नुसत्या रेघा मारतो, मान कुठं वळली आणि कंबरेचं हाड कुठं वर आलं एवढ्याच.

चित्र वाळलं की ते मी आधी गोठ्यात दाखवतो. मालक लांबूनच म्हैस ओळखतात. एकदा एक मामा म्हणाले, “पेंटर, शिंगं झ्याक जमल्यात, पर कास बारीक काढलीसा. दूध बघा की तिचं!” प्रदर्शनात कास कुणी बघत नाही. गोठ्यात पहिली नजर तिथंच जाते, आणि मला परीक्षक म्हणून हीच माणसं हवीत.