नळाचे पाणी जिथून येते

गेल्या वर्षी थोरलीने शाळेच्या सहलीचा फॉर्म घरी आणला होता. एका दिवसाची सहल होती, डोंगरातली लेणी पाहायची होती. आम्ही नाही म्हटले. कारणे भरपूर सांगितली. ऊन असेल, गर्दी असेल, नमाजची सोय होणार नाही, दादींना काळजी वाटेल. ती रडली नाही की भांडली नाही. फॉर्मची घडी घालून तिने दप्तरात ठेवला. त्यानंतर वर्षभर तिने आमच्याकडे काहीच मागितले नाही.

सुरुवातीला आम्हाला बरेच वाटले. मुलगी समजूतदार झाली, असे आम्ही एकमेकांना म्हणालो. तिने समजून घेतले नव्हते, विचारणेच सोडून दिले होते, हे ध्यानात यायला उशीर झाला. वर्गात दुसऱ्यांच्या पालकांना, ‘मुलींना पाठवा, काही होत नाही’ असे समजावणारे आम्हीच. मग डिसेंबरातल्या एका रविवारी आपणच मुलांना घेऊन जायचे ठरवले. ठिकाण निवडले कोंडाणे.

दादींना ते पटले नाही. “दगडं बघायला इतक्या लांब? आणि ती बौद्धांची जागा. तिथं आपलं काय काम?”

“अम्मी, पूजेला नाही जात, बघायला जातोय,” आम्ही म्हटले. पृथ्वीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, ही ताकीद कुरआनात वारंवार आलेली आहे. डोंगर कोरून घरे करणाऱ्या समूद लोकांचा उल्लेखही त्यात आहे. दादी काही बोलल्या नाहीत. रात्री मात्र त्यांनीच अंडी उकडायला ठेवली.

फजरची नमाज पढून आम्ही दूधनाक्यावरून स्टेशन गाठले आणि कर्जत लोकल पकडली. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ करत गाडी निघाली की उल्हास नदी कधी जवळ येते, कधी लांब जाते. धाकट्याला आम्ही सांगितले, “ही आपली नदी. घरच्या नळाला हिचंच पाणी येतं.” त्याचा विश्वास बसेना. त्याने पाहिलेली नदी म्हणजे कल्याणची खाडी, गढूळ आणि वास मारणारी.

कर्जतहून रिक्षाने कोंदिवडे गाव गाठले. तिथून पुढे पायवाट. समोर राजमाचीचा डोंगर आणि त्यावर श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले. उल्हास नदी याच डोंगरांत उगम पावते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. इथे तिचे पाणी इतके नितळ होते की तळाचे गोटे मोजता येत होते. धाकटा बराच वेळ तिथे उभा राहिला. मग म्हणाला, “मग आपण तिला घाण केली?” आमच्याकडे उत्तर नव्हते. नदी तर इथून निघून आमच्यापर्यंतच येते.

चढ फार नाही, पण दगडगोट्यांचा आहे. कड्याकडे पाहिले की एकावर एक ठेवलेल्या थरांसारखा खडक दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थंड झाला, त्याचे हे थर. सह्याद्री त्याचाच बनलेला आहे. थोरलीने हे पुस्तकात वाचले होते. ती बोटाने थर मोजत पुढे चालली होती आणि आम्ही धापा टाकत मागे. एके ठिकाणी वाटेला दोन फाटे फुटले. आम्ही रुंद वाटेने निघालो. ती थांबली. “अब्बा, ही वाट खाली उतरतेय. लेणी वर आहेत.” तिचेच बरोबर होते.

झाडीतून अचानक लेणी समोर आली. एकूण सोळा, इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची. गावोगाव अशा लेण्यांना पांडवांची म्हणतात, कुणी आदिमानवाची समजतात. पण ही बौद्ध भिक्खूंची. पावसाळ्यात फिरणे बंद असे, तेव्हा अशा विहारांत ते राहत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर कमानी, तुळया, कठडे असे कोरले आहेत की सुताराने केले असावेत. लाकडातले घर कारागिरांनी जसेच्या तसे काळ्या कातळात उतरवले. आतले अनेक खांब खालून झिजून नाहीसे झालेत, नुसते वरचे तुकडे छताला लटकून आहेत. ते पाहून धाकटा हळूच मागे सरकला.

या लेण्यांचा आमच्या कल्याणशी जवळचा संबंध आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे मोठे बंदर होते. ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या जुन्या प्रवासग्रंथात त्याचे नाव आहे. कान्हेरीच्या लेखांत दान देणारे कल्याणचे लोक भेटतात. बंदरातून माल घाट चढून देशावर जाई आणि अशा वाटांच्या जवळ ही लेणी खोदली गेली.

दर्शनी भागाजवळ एक ब्राह्मी लेख आहे. कण्ह याच्या बलक नावाच्या शिष्याने हे काम केले, असा त्याचा अर्थ. आम्ही तो सांगत होतो, तेवढ्यात मागे खरखर ऐकू आली. धाकटा टोकदार दगडाने भिंतीवर स्वतःचे नाव कोरू लागला होता. पहिले अक्षर झालेही होते. हे संरक्षित स्मारक आहे, त्यावर कोरणे गुन्हा आहे, असे म्हणत आम्ही त्याचा हात धरला. तो रुसून म्हणाला, “बलकनंपण लिहिलंच ना नाव!”

आम्ही अडखळलो. उत्तर थोरलीने दिले. “त्यानं आधी काम केलं, मग नाव लिहिलं. तू काय केलंस?”

उतरताना जुहरची वेळ झाली. ओढ्याला थोडे पाणी होते. वाहत्या नदीवरही वुजूसाठी पाणी वाया घालवू नये, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण सगळ्यांनाच पाठ आहे. पण नळाखाली उभे राहून ती कधी आठवत नाही. तिथे आठवली. झाडाखालच्या सपाट कातळावर चटई अंथरली. कसर करण्याइतका प्रवास लांब नव्हता, म्हणून पूर्ण चार रकअत पढलो. नमाजची सोय होणार नाही, हे गेल्या वर्षीचे आमचे कारण त्या चटईवरच संपले. खरे कारण ‘लोक काय म्हणतील’ हे होते. आम्ही त्याला दीनचे नाव दिले होते.

परतीच्या गाडीत आम्ही थोरलीला विचारले, “गेल्या वर्षी फार वाईट वाटलं का गं?”

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “सहल चुकली त्याचं नाही. तुम्ही शाळेत काही विचारलंसुद्धा नाही, त्याचं वाटलं.”

यंदाचा फॉर्म जानेवारीत आला. आम्ही शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारल्या: बरोबर शिक्षिका किती, नमाजला वेळ मिळेल का, परत किती वाजता. उत्तरे ऐकली आणि सही केली. काळजी वाटणे आईबापांचा हक्कच आहे, पण काळजी असेल तर चौकशी करावी. न विचारता दिलेल्या नकारात काळजीपेक्षा आपली सोयच जास्त असते.

सहलीच्या पहाटे दादींनी पुन्हा अंडी उकडली. थोरली निघताना धाकट्याने स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ घट्ट बंद केला आणि म्हणाला, “आपा, तिकडे पण नदी असली तर बघून ये.”