गाडीच्या पोटाखाली

माणूस आपला चेहरा दिवसातून दहा वेळा आरशात पाहतो. तळपायाकडे मात्र काटा रुतल्याखेरीज त्याचे लक्ष जात नाही. आमच्या मोटारीच्या बाबतीत हा मनुष्यस्वभाव आम्ही सहा वर्षे निष्ठेने पाळला. दर रविवारी सकाळी कोसाड येथील आमच्या घरासमोर बादली, फडके आणि अमाप उत्साह घेऊन आम्ही तिच्या सेवेस हजर होत असू. टप, काचा, दरवाजे आरशासारखे लखलखत. येणारेजाणारे कौतुक करीत आणि आम्ही ते विनयाने स्वीकारीत असू. गाडीला पोट असते आणि त्या पोटालाही दुखणे जडू शकते, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

गाडी जुनीच घेतलेली होती. सणावारी ती आम्हांला खानदेशातील गावी पोहोचवी आणि सुट्टीच्या दिवशी डुमसच्या किनाऱ्यावर नेई. तेथून ती खारी वाळू पोटाला चिकटवून परत येई. पावसाळ्यात चिखलाची भर पडे. सुरतेच्या आसपासची काळी माती कापसाला मानवते, कारण ती ओल धरून ठेवते. नेमका हाच गुण मोटारीच्या पत्र्याला मानवत नाही. पण चिखल दिसत नव्हता, म्हणून तो आमच्या लेखी नव्हताच.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर सायलेन्सर खडखडू लागला, म्हणून गाडी एका वृद्ध मिस्त्रीकडे नेली. ते मूळचे खानदेशातले. सारे त्यांना नाना म्हणतात. गाडी उचलून ते खाली सरकले आणि थोड्या वेळाने त्यांची हाक आली, "साहेब, जरा खाली या."

आम्ही गोणपाटावर आडवे झालो. वर काळाकुळकुळीत तळ दिसत होता. नानांनी स्क्रूड्रायव्हरचे टोक त्या काळ्या थरावर टेकवून किंचित दाबले. पापडात बोट जावे तसे ते आत गेले! आम्ही उठून गाडीत डोकावलो. मागील आसनापुढची चटई उचलली, तो त्याचे टोक वर आलेले. आमची धाकटी मुलगी बसते, तिची पावले टेकतात, तीच ती जागा. आमच्या तोंडून शब्द फुटेना.

"हा काळा रंग कुठे मारून घेतला?" नानांनी विचारले.

तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी तासाभरात हा लेप मारून घेतला होता, हे आम्ही सांगितले.

"आधी घासलं होतं का?"

आम्ही ते विचारलेच नव्हते. नाना शांतपणे म्हणाले, "मग गंज मेला नव्हता, साहेब. नुसता झाकला होता. झाकलेला गंज निवांत वाढतो."

शाळेत शिकलेले रसायनशास्त्र त्या गोणपाटावर आम्हांला प्रथमच नीट समजले. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. मिठामुळे पाण्यातून विद्युत्प्रवाह सुलभतेने वाहतो आणि हे काम वेगाने होते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो फुगतो, वरचा लेप उचलतो, आणि त्या फटीत पुन्हा पाणी शिरते. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उभा आहे. त्यातील लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने त्यावर एक पातळ, घट्ट थर जमला आणि त्यानेच स्तंभाला राखले. आमच्या पत्र्याला असे भाग्य कोठले? त्याचे रक्षण आम्हांलाच करावयास हवे होते.

दुरुस्तीस चार दिवस लागले. कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवला. उरलेला तळ तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला. धुऊन पूर्ण वाळवला. मग रेड ऑक्साइडचे दोन हात, सांध्यांत लांबी आणि सर्वांत शेवटी डांबर-रबराचा लेप. सायलेन्सर आणि ब्रेक यांना तो लागू नये म्हणून नानांनी ते कागदाने झाकले. पाणी निथळण्याची छिद्रे मात्र त्यांनी काडीने एकेक मोकळी केली. "ही बुजली की गाडी आतून सडते," ते म्हणाले. कोणीतरी जळके ऑइल फासण्याचा स्वस्त उपाय सुचवला. तो नानांनी झिडकारला. त्या तेलाने रबराचे भाग फुगतात आणि ठिबकणारे तेल जमीन नासवते.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या महापुराने सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. पूर ओसरल्यावर लोकांनी भिंती धुतल्या, सामान उन्हात घातले. अशा संकटाची खूण साऱ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर इलाज तरी होतो. रोज चमचाभर ओल आणून ठेवणाऱ्या शत्रूची मात्र दवंडी पिटली जात नाही.

आता आमच्या रविवारचा क्रम उलटा झाला आहे. प्रथम गोणपाट अंथरून पाण्याच्या नळीने मडगार्डांतला चिखल आणि तळाची वाळू धुतो. टपाचा क्रमांक शेवटी लागतो. डुमसहून परतल्यावर तर त्याच संध्याकाळी हे काम होते. शेजारी कौतुक करीत नाहीत. खाली झोपलेला माणूस त्यांना दिसतच नाही. पण धाकटी नळी धरून शेजारी उकिडवी बसते आणि आम्ही बाहेर सरकलो की विचारते, "बाबा, माझ्या पायाखालचं नीट पाहिलं ना?"

हा प्रश्न तिने तीन वर्षांपूर्वी विचारला असता, तर आमच्याजवळ उत्तर नव्हते.