बुजवलेला आड

मार्च महिना उजाडला, की आमच्या इमारतीत दोन गोष्टी नेमाने येतात : प्राप्तिकराची काळजी आणि पाण्याचा टँकर. पहिली निदान गुपचूप येते. टँकर पहाटे पाचला आळीतल्या सगळ्या कुत्र्यांना उठवीत येतो. गेल्या मार्चात अशाच एका पहाटे मी खिडकीतून खाली पाहत होतो. आई शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ती नळी पडलीय ना, तिथंच आपला आड होता."

मला ते ठाऊक होते. तो बुजवणाऱ्यांत मीच पुढे होतो.

आमचा वाडा पुण्याच्या शुक्रवार पेठेतला. बारा वर्षांपूर्वी तो पाडून इमारत उठवायचे ठरले, तेव्हा बिऱ्हाडकरूंची सभा भरली. आडाचे काय करायचे, असा प्रश्न निघाला. मी कॉलेजात शिकवतो म्हणून माझे मत विचारण्यात आले. मराठी शिकवणाऱ्याला आडातले काय कळणार, ही शंका कोणालाच आली नाही, मलाही नाही! मी ऐटीत म्हणालो, "तेवढ्यात एक मोटार सहज मावेल." ठराव एकमताने मंजूर झाला. आईला नंतर सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पाणी होतं रे त्यात."

बदामी हौद, फडके हौद ही नावे मी लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या हौदांत पाणी कुठून येई, याची चौकशी मी केली ती टँकर दारात उभा राहू लागल्यावर. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधविला आणि तिथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले. अंतर दहा किलोमीटरांच्या आसपास; ना वीज, ना पंप. कात्रज उंचावर, शहर सखल. पाणी आपल्या पायांनी उतरत येई. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले, म्हणजे कोंडलेली हवा निघून जावी आणि गाळ काढायला माणूस आत उतरावा. पेठेपेठेतल्या हौदांवर लोक घागरी भरीत.

पेशवाईत सारे सोन्याचेच होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या नळाने आजच्या पुण्याची तहान भागणार नाही. धरणे आहेत म्हणून तर आपला सकाळचा चहा होतो. पण त्या माणसांनी आधी डोंगर पाहिला, उतार पाहिला, पाऊस कुठे पडतो आणि कुठून वाहतो ते पाहिले, आणि मग दगडाला हात घातला. आपण आधी नकाशा काढतो आणि जमिनीला म्हणतो, आता यात बस! ती बिचारी बसते; पाणी बसत नाही. त्याच कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याचे काठ आपण आवळत गेलो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो फुगला, घरांत शिरला, माणसे दगावली. त्या रात्री सारे शहर पावसाला दोष देत होते. मीही देत होतो.

आमच्याकडेही पाणी विसरलेले नाही. दर पावसाळ्यात माझ्या मोटारीखालची फरशी ओली होते. यंदा जुलैत त्यासाठी सभा भरली. सगळे अंगणच सिमेंटने पक्के करून टाकावे, अशी सूचना आली. या खेपेला आई आली होती. ती म्हणाली, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. आपल्या आडात आहे हो. आपण पोहराच फेकून दिलाय."

सगळे हसले. मी उठलो. बारा वर्षांपूर्वीचा ठराव माझा होता, तो चुकला, असे सांगितले. आड उपसावा, गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून त्यात सोडावे आणि माझी मोटारीची जागा त्यासाठी घ्यावी, असे सुचवले. वर्गात चूक कबूल करणे सोपे असते, शेजाऱ्यांसमोर जीभ अडखळते. पुष्कळ चर्चा झाली आणि पुढच्या सभेत विचार करू, असे ठरले.

ती सभा अजून भरायची आहे. मी मात्र मोटार बाहेर रस्त्यावर लावू लागलो आहे. रोज संध्याकाळी आई त्या मोकळ्या जागेपाशी जाऊन येते आणि जिना चढता चढता विचारते, "काय रे, कधी उघडताय?"